कार्पेथियन झऱ्यांचे पाणी आणि तेथील वनस्पती : एक पार्श्वभूमी

चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि पोलंड यांच्या सीमाभागात पसरलेल्या पश्चिम कार्पेथियन डोंगरांत भूजल जिथे उतारावर झिरपून बाहेर येते, तिथे छोट्या छोट्या दलदली तयार होतात. त्यांतल्या अनेक जेमतेम काही गुंठ्यांच्या असतात. एखाद्या दलदलीत मॉसवर चुन्याचे करकरीत कवच चढलेले असते, तर त्याच पर्वतरांगेतल्या दुसरीत स्फॅग्नम मॉसची आम्लधर्मी, मऊ गादी पसरलेली असते. हा फरक मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या खनिजांमुळे पडतो, आणि ते उलगडायला वनस्पतिशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात खडकापासून झाली. टायरोलमधील कित्सब्यूल येथे डॉक्टरकी केलेल्या फ्रान्झ उंगर यांनी १८३६ मध्ये चुनखडकावरच्या आणि स्लेटवरच्या वनस्पतींची तुलना प्रसिद्ध केली. चुना आवडणाऱ्या आणि चुना टाळणाऱ्या वनस्पती असा भेद तिच्यामुळे रूढ झाला, परंतु दलदलीतली मुळे खडकात नसून पाण्यात असतात, हा मुद्दा मागेच राहिला.

तो पुढे आणला स्वीडिश अभ्यासकांनी. आयनार द्यु रिएत्स यांनी १९४९ मध्ये केवळ पावसावर जगणाऱ्या दलदली भूजलावर पोसल्या जाणाऱ्या दलदलींपासून वेगळ्या काढल्या आणि भूजलाच्या दलदलींची ‘गरीब’ ते ‘समृद्ध’ अशी श्रेणी निर्देशक वनस्पतींच्या आधारे मांडली. पुढच्याच वर्षी ह्यूगो श्यॉर्स यांनी उत्तर स्वीडनमधील दलदलींच्या पाण्याचा सामू (pH) आणि विद्युतवाहकता यांची तेथील वनस्पतींशी सांगड घातली. श्रेणीच्या एका टोकाला सामू ४ च्या आसपास, तर दुसऱ्या टोकाला ७ किंवा त्याहून अधिक असतो. एवढ्या साध्या मोजमापांवर उभी राहिलेली ही चौकट आजही टिकून आहे, याचे कौतुक करायला हवे.

मात्र चुना, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम, नेमके करतो काय, हे त्या मोजमापांतून कळत नव्हते. १९६३ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. क्लायमो यांनी दाखवले की स्फॅग्नमच्या पेशीभित्तिकांतील युरोनिक आम्ले पाण्यातले कॅल्शियमसारखे आयन पकडून त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात, म्हणजे हे मॉस आपला परिसर स्वतःच आम्लधर्मी करत जाते. दहा वर्षांनी त्यांनीच दाखवून दिले की जास्त कॅल्शियम किंवा चढा सामू यांपैकी एकच गोष्ट असेल तर स्फॅग्नम बहुधा तग धरते. दोन्ही एकत्र आल्या की मरते. स्फॅग्नम वार्न्स्टॉर्फी किंवा स्फॅग्नम टेरेस यांसारख्या काही जाती मात्र बऱ्यापैकी चुना सोसतात, आणि म्हणूनच श्रेणीच्या मधल्या पट्ट्यात त्या चुनाप्रिय मॉसांच्या शेजारी वाढतात.

दुसरा धागा इंग्लंडमध्ये सापडला. झऱ्याचे पाणी उघड्यावर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसू लागतो. पालुस्ट्रिएला कोम्युटाटासारखी मॉसे त्याला आधार पुरवतात. बॉयर आणि व्हीलर यांनी १९८९ मध्ये मांडले की या थरासोबत फॉस्फरसही अडकतो आणि वनस्पतींना दुर्मीळ होतो. म्हणजे ‘समृद्ध’ ठरवलेली दलदल खनिजांनी भरलेली, पण पोषणाने उपाशी असते. उंच, दांडगी झाडे तिथे माजत नाहीत आणि ठेंगण्या लव्हाळ्यांना, ऑर्किडांना जागा उरते. आम्लधर्मी टोकालाही उपासमार असतेच, म्हणून तिथे गोल पानांची ड्रोसेरा कीटक खाऊन गरज भागवते. कासच्या पठारावर दिसणारे दवबिंदू तिच्याच प्रजातीतले.

कार्पेथियनमध्ये हे सारे धागे एकत्र आले. येथील फ्लिश, म्हणजे वालुकाश्म आणि मृदाश्म यांचे एकाआड एक थर, चुन्याच्या प्रमाणात जागोजागी बदलतो : नैर्ऋत्येकडील बिले कार्पाती डोंगरभागात तो चुनायुक्त आहे, तर बेस्किड डोंगरांच्या वालुकाश्मात चुना कमी आहे. मिखाल हायेक, हेकेरा आणि पेत्रा हायकोवा यांच्या २००२ मधील अभ्यासात या दलदलींतली मुख्य श्रेणी कॅल्शियम, सामू आणि वाहकता यांच्याच मागे जाताना दिसली. लोहाची भूमिका गुंतागुंतीची आहे : आम्लधर्मी, ऑक्सिजनहीन पाण्यात विरघळलेले लोह विषारी ठरू शकते, तर चुनायुक्त पाण्यात ते विरघळतच नाही आणि सवय नसलेल्या झाडांची पाने पिवळी पडतात.

रसायनाला इतिहासाचीही जोड आहे. काही दलदली हिमयुगाच्या अखेरीपासून उघड्या राहिल्या. बऱ्याच मात्र वालाख नावाच्या डोंगरी पशुपालकांनी जंगले तोडून कुरणे केली त्या शतकांतल्या आहेत. पुढे विसाव्या शतकात निचऱ्याचे चर खणले गेले आणि गवत कापणेही अनेक ठिकाणी थांबले. आता प्रश्न पोषकद्रव्यांचा आहे : फॉस्फरस वाढला की चुना सोसणारी स्फॅग्नमे झपाट्याने फोफावून चुनाप्रिय तपकिरी मॉसांना झाकून टाकतात. अशा वेळी पाण्यातल्या कॅल्शियमचा आकडा तोच असतो, वनस्पती मात्र बदललेल्या असतात.