महजर व वतनी कागदपत्रे : वंशावळ-संशोधनाची साधने

वतन, मिरास (वंशपरंपरेने चालणारी जमीन), मानपान किंवा शिवेच्या वादात गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार-बलुतेदारांच्या न्यायसभेपुढे, झालेल्या चौकशीचा, हजर असलेल्यांच्या नावानिशाण्यांसह लिहिलेला लेख म्हणजे महजर. वादाच्या ओघात वादी-प्रतिवादींचे करीने व तक्रीर (आपापल्या बाजूच्या लेखी हकिकती), निवाडपत्रे आणि यजितखते (हरणाऱ्याने हक्क सोडल्याची पत्रे) असा आणखी बराच कागद तयार होई. त्याखेरीज खरेदीखते आणि थळझाडे (गावच्या जमिनीच्या सारा-नोंदी) असत. देशावरील जुन्या घराण्यांची १८१८ पूर्वीची वंशावळ जुळवायची तर मुख्यतः या कागदांचाच आधार घ्यावा लागतो. जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याची रीत त्या काळी नव्हती. कोण कोणाचा मुलगा, हे जमीन किंवा हक्क वाटून घेताना, नाहीतर त्यासाठी भांडताना लिहिले जाई.

शब्द व संस्था : ‘महजर’ हा शब्द अरबी असून त्याचे मूळ ‘हजर असणे’ या अर्थाच्या धातूत आहे. ‘हाजिर’, ‘हुजूर’ हे शब्दही त्याच कुळातले. उत्तर हिंदुस्थानात अनेकांच्या सह्यांनी केलेल्या निवेदनालाही महजर म्हणत. अकबराच्या दरबारी उलेमांनी १५७९ मध्ये सह्या केलेला लेख याच नावाने ओळखला जातो. दक्षिणेतील काही राज्यांत पोलिसी पंचनाम्याला आजही ‘महजर’ म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द वतनी वादाच्या निवाड्याला चिकटून राहिला आणि पेशवाईबरोबर मागे पडला.

संस्थेच्या उगमाबद्दल एकमत नाही. अ. स. अळतेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गोतसभेचा संबंध स्मृतिग्रंथांतील कुल, श्रेणी व पूग या लोकन्यायसभांशी जोडला. ‘गोत’ हा शब्द ‘गोत्र’वरून आला, हा या मताचा एक आधार. दुसऱ्या मताप्रमाणे ही पद्धत बहमनी व नंतरच्या सुलतानी काळातील काझीच्या मजलिसीतून आली. सभेला ‘मजालस’ म्हणणे, कागदाचा अरबी-फार्सी साचा आणि सभेत काझीची उपस्थिती या गोष्टी त्या बाजूने मांडल्या जातात. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील अभ्यासात महजर व निवाडपत्रे मोठ्या संख्येने तपासून सभेची ‘दिवाण’ व ‘गोत’ अशी दोन अंगे दाखवली. दिवाण म्हणजे हवालदार, मजमूदार आदी सरकारी अधिकारी. गोत म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार. ही विभागणी मान्य केली, तर सभा जुनी आणि तिचा कागद नवा, असे म्हणण्यास जागा राहते. उपलब्ध महजरांचा मोठा भाग सतराव्या शतकापासूनचा आहे, त्याआधीचे विधान जपूनच करावे लागते. पेशवाईत गोतसभेची जागा हळूहळू वादी-प्रतिवादींनी नेमलेल्या पंचायतीने घेतली. कागदातही फरक पडला : हजर लोकांची लांबलचक यादी आखडली आणि पुराव्याची चर्चा वाढली. वंश शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल निम्मा फायद्याचा आणि निम्मा तोट्याचा ठरला.

वादाचा क्रम व त्यातून मिळणारा कागद : फिर्याद आली की दोन्ही बाजूंकडून राजीनामे घेत. निवाडा होईल तो मान्य असल्याची ही कबुली असे (आजचा अर्थ वेगळा). त्यासोबत वर्तणुकीचे जामीन घेतले जात. मग प्रत्येक बाजू आपला करीना किंवा तक्रीर देई. वंशावळीची खाण ती हीच. मूळ पुरुष कोण, वतन कोणत्या राजवटीत मिळाले, त्याला लेक किती, थोरला कोण, निपुत्रिक कोण वारला, दुष्काळात वा धामधुमीत परागंदा कोण झाला, हे सारे त्यात क्रमाने येते. त्यानंतर साक्षी व जुने कागद पाहून निवाडा होई. जिंकणाऱ्याकडून हरकी (निवाड्याबद्दलची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेत. हरणारा ‘आपला हक्क नाही’ असे यजितखत जिंकणाऱ्याला लिहून देई. यजितखत बहुधा जिंकणाऱ्याच्याच घरी सापडते. म्हणून हरलेल्या शाखेचा वंशज आपल्याच दफ्तरात शोधत बसला, तर त्याच्या हाती काही लागत नाही.

गावच्या गोताचा निवाडा मान्य नसेल तर वाद ‘परस्थळी’ नेण्याची मुभा होती. एका परगण्यातील पाटीलकीचा महजर दुसऱ्याच परगण्याच्या कसब्यात झालेला आढळतो तो यामुळे. फक्त आपला तालुका चाळून ‘कागद नाहीत’ असा निष्कर्ष काढणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक आहे.

पुरावा समसमान झाला तर दिव्य करीत. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हातांना पिशव्या बांधून मोहोर करीत आणि ठरल्या दिवशी हात तपासत. दिव्याने मिळालेले वतन कायद्याने पक्के झाले, तरी त्या बाजूने सांगितलेली वंशावळ त्यामुळे खरी ठरत नाही. छापील घराण्याच्या इतिहासांत हा फरक सर्रास विसरला जातो.

निशाण्या : महजराच्या शेवटी लिहिता न येणाऱ्यांची नावे व धंद्याची चिन्हे असतात. पाटलाचा नांगर आणि शेट्याची तागडी नेहमी दिसतात. सुतार-लोहारांपासून पुढे प्रत्येक बलुतेदाराचे आपापले हत्यार असते. ज्यांची स्वतःची दफ्तरे कधीच नव्हती, अशा घरांच्या पूर्वजांचे नाव, गाव आणि साल एकत्र मिळण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे. छापील संग्रहांत मात्र ही यादी कित्येकदा गाळून ‘पुढे साक्षी’ एवढेच म्हटलेले असते. त्यासाठी मूळ कागदच पाहावा.

करीन्याची विश्वसनीयता : करीना हा इतिहास म्हणून लिहिलेला नसून दाव्याची मांडणी आहे, हे ध्यानात ठेवूनच त्यातील वंशवृक्ष वापरावा. वडीलपणाचा मान थोरल्या शाखेला असल्याने दोन्ही बाजू आपला पूर्वज थोरला असल्याचे सांगतात. मधली पिढी गाळलेली असते, कधी चुलता बाप होतो. पाटीलकीचा काही हिस्सा विकताना विकत घेणाऱ्याला ‘भाऊ करून घेतले’ अशी भाषा येते. अशा कागदातला भाऊ रक्ताचा नसून खरेदीचा असतो, आणि तिसऱ्या पिढीत तो फरक लेखातूनही पुसला जातो. बनावट कागद व खोट्या मोहरा यांचे उल्लेख खुद्द निवाडपत्रांतच येतात. वतनदार हे राज्याचे दायादच, हे आज्ञापत्रातील निरीक्षण राजकीय हेतूने केलेले असले, तरी कागदाच्या वाचकालाही ते उपयोगी आहे.

इतिहासकार सुमित गुहा यांच्या मते मराठी बखरलेखनाची एक वाट या वतनी वादांतील पुराव्याच्या सवयीतूनच गेली. बखरीचे मूळ ‘खबर’ या शब्दात शोधणाऱ्या जुन्या मतापेक्षा हे मत निदान करीन्यांच्या बाबतीत अधिक पटते. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. याच घराण्याच्या कागदांतील शकावली (घटनांची सालवार यादी) १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मवर्षाच्या वादाला वेगळे वळण लागले. एका देशमुख घराने जपलेला कागद घराबाहेर किती उपयोगी पडतो, हे त्यावरून दिसते.

नावे : आडनाव बहुतेक कागदांत नसते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ब्राह्मणांच्या नावात बापाचे नाव मध्ये काही न घालता जोडलेले असते. महारांच्या नावांपुढे ‘नाक’ हा प्रत्यय येतो. ‘मोकदम’ हे आडनाव नसून पाटलाचा हुद्दा असतो, पुढे काही घरांत त्याचेच आडनाव झाले. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाआड एक पिढीत तीच दोन नावे फिरतात, आणि दोन माणसांचा एक माणूस होतो. शंका आली की प्रत्येक नावासमोर सनवार साल मांडून पाहणे हाच उपाय. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ व शब्दांतील अंतर पाळले जात नाही, त्यामुळे छापील वाचनातील नावही अंतिम मानू नये.

कालगणना : कागदावर बहुधा शुहूर सन (अरबी सन) असतो. तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस बदलतो. त्यात ५९९ मिळवले की जून ते डिसेंबर आणि ६०० मिळवले की जानेवारी ते मे या महिन्यांचे इसवी साल मिळते. शुहूर व हिजरी हे दोन आकडे ७४५ या वर्षी, म्हणजे १३४४ मध्ये जुळतात. त्यावरून हा सन महंमद तुघलकाच्या काळी सुरू झाला असे मानतात. हे अनुमान गणिताचे आहे.

साल आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत, आणि एकमापासून उलट क्रमाने लिहीत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. म्हणजे जून १७७१ पासूनचे वर्ष. ‘सबा’ (सात) व ‘सबैन’ (सत्तर), तसेच ‘सीत’ (सहा) व ‘सितैन’ (साठ) यांत घोटाळा झाला, तर दोन पिढ्या पुढे-मागे सरकतात. वर्ष सौर असले तरी महिना व तारीख चांद्र हिजरी असते आणि तारखेआधी ‘छ’ हे अक्षर येते. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून (१६७४) राज्याभिषेक शकही येतो, आणि तो संवत्सराच्या नावाशी ताडून पाहता येतो. तीन कालगणनांपैकी दोन जुळल्या तर तारीख सहसा ग्राह्य धरतात.

थळ व मिरास : करीन्यापेक्षा थळझाड्याचा पुरावा, कमी बोलका असला तरी, अधिक भरवशाचा. कारण तो कोणाचा हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेला नसून सारा वसूल करण्यासाठी लिहिलेला असतो. गावची जमीन थळांत विभागलेली असे आणि थळाला बहुधा मूळ मिरासदार घराचे नाव असे. ते घर संपले तरी जमीन ‘गतकुळ’ म्हणून त्याच नावाने चालू राही. त्यामुळे गावातून नाहीशी झालेली आडनावेही थळाच्या नावात सापडतात. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात आणि नंतर साइक्सच्या लेखनात मिरासदार व उपरी (मिरास नसलेले कूळ) या भेदाचे वर्णन आहे. मिरास मलिक अंबरने (मृत्यू १६२६) सुरू केली, असे एकोणिसाव्या शतकात काहींनी लिहिले. तिची मुळे त्याहून जुनी असावीत, असे मानण्याकडे आता कल आहे. वंशशोधकाने एवढेच पाहावे की थळाचे नाव ही त्या घराच्या वास्तव्याची खूण आहे, तारीख नव्हे.

इनाम कमिशन व नंतरचे दफ्तर : १८४३ पासूनच्या इनाम चौकशीला १८५२ च्या अकराव्या कायद्याने कमिशनचे रूप आले. आपला हक्क दाखवण्यासाठी इनामदारांना कैफियती, सनदा व वंशावळी हजर कराव्या लागल्या. ज्या चौकशीने कित्येकांची इनामे गेली, तिच्यामुळेच त्यांचे वंशवृक्ष टिकले. १८६३ च्या कायद्यांनी ठोक तडजोड झाल्यावर ही चौकशी ओसरली. हे कागद व पेशव्यांचे दफ्तर पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात, म्हणजे आजच्या पुणे पुराभिलेखागारात, रुमालांत बांधलेले आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून छापलेली साधने आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे (स्थापना १९१०) संग्रह यांत खाजगी घरांतील कागद अधिक आहे. १८७४ च्या वतन कायद्याखालील नोंदींत वतनदार घराच्या शाखा सरकारी शिक्क्यानिशी मिळतात. १९५० नंतरच्या वतन-निर्मूलन कायद्यांनी ही साखळी तुटली.

इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी बसवलेल्या पाहणीपासून सर्व्हे नंबर हा कायमचा दुवा मिळतो. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर फेरफार व वारसनोंदी येतात. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यू असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समितीने जुने महसुली दफ्तर तपासल्याने मोडीवाचकांना एकाएकी मागणी आली.

स्त्रिया : विधवा स्वतः वाद घेऊन आली किंवा दत्तकाचा प्रश्न निघाला, तरच त्यांची नावे दिसतात. मुलींची नावे जवळजवळ नाहीतच.

इतर प्रदेश : कोकणात खोतीचे कागद याच कामी येतात. मराठवाड्यात निजामी मुंतखब (इनामाचा हक्क तपासून दिलेले पत्र) व १९५० च्या दशकातील खासरा पाहणी वापरतात. त्यांतले जुने कागद उर्दूत आहेत. पूर्व विदर्भात मालगुजारी बंदोबस्ताच्या मिसली (दफ्तरातील फायली) पाहाव्या लागतात. गोव्यातील गावकारीचा पाया निराळा होता. तिथे मूळ गावकरांच्या पुरुष वंशजांनाच गावाच्या उत्पन्नातील वाटा मिळे, म्हणून त्यांची नोंद ठेवली जाई. १५२६ चे आफोंसो मेशियाचे फोराल हा त्या रूढींचा सर्वांत प्रसिद्ध जुना पोर्तुगीज लेख. धर्मांतरानंतर आडनावे बदलली तरी गावकारीतील जागा पुष्कळदा तीच राहिली, त्यामुळे हिंदू व ख्रिस्ती शाखा जुळवता येतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रातील हेळव्यांची तोंडी वंशावळ यांचा उपयोग ताळा पाहण्यासाठी होतो. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या वहीत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे असतात आणि त्यात वतनाचा स्वार्थ नसतो. महजरातील क्रम व वहीतील क्रम यांत फरक पडला, तर निदान भावाभावांच्या थोरलेपणापुरता वहीला कौल द्यावा.