सगळीच शमादाने ‘सँडविच’ कशी झाली?

एकोणिसाव्या शतकातले काचेचे अमेरिकन शमादान, म्हणजे मेणबत्ती उभी करायचा स्टँड, विक्रीला आले की त्यावर ‘सँडविच’ असा शिक्का हमखास बसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावातला कारखाना १८२५ ला सुरू झाला आणि संपानंतर १८८८ ला बंद पडला. पण त्याच राज्यातल्या केंब्रिजमध्ये आणि पिट्सबर्गमध्येही तशीच काच साच्यात दाबून घडवली जात होती. नमुन्यांची नक्कल सर्रास चाले आणि मालावर खूण क्वचितच असे.

या नावाला बळ दिले ते कारखान्याच्या जागेवर उकरून काढलेल्या तुकड्यांनी. तुकडा इथे सापडला, म्हणजे वस्तू इथलीच, असे संग्राहकांनी धरून चालले. हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही. काचवाले फुटकी काच बाहेरून विकत घेऊन भट्टीत टाकत, तेव्हा ढिगाऱ्यातला तुकडा दुसऱ्या गावचाही असू शकतो. घडवताना बिघडलेला, अर्धवट राहिलेला तुकडा मात्र वेगळा. त्याला वजन द्यायलाच हवे.

त्यात शमादान घडायचे दोन भागांत. खालची बैठक आणि वरची मेणबत्तीची खोबण वेगवेगळ्या साच्यांत दाबत आणि गरम काचेची चकती मध्ये ठेवून जोडत. त्यामुळे पाकळ्यांची तीच खोबण कधी साध्या षटकोनी बैठकीवर दिसते, कधी डॉल्फिन माशाच्या आकाराच्या बैठकीवर. नुसत्या खोबणीवरून गाव ओळखणे धाडसाचेच.

डॉल्फिनच्या शमादानांचा बहर साधारण १८४० ते १८७० दरम्यानचा. निळा, दुधी आणि युरेनियमचा पिवळा हे त्यातले लाडके रंग. धातूत पितळेचा बराच माल इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून येई. संगमरवरी बैठकीची, लोलक लटकवलेली पितळी शमादाने फिलाडेल्फियातही होत. त्यांचा थाट मोठा, पण वाद कमी.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागल्यावर रॉकेलचे दिवे स्वस्त झाले आणि शमादान शोभेपुरते उरू लागले. १८६४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला शिशाऐवजी सोडा-चुन्याची सुधारित काच जमली. ती स्वस्त होती, पण टिचकी मारली तर शिशाच्या काचेसारखी घुमत नसे.

विसाव्या शतकात डॉल्फिनच्या नव्या प्रती निघाल्या. एका संग्रहालयाने विक्रीसाठी करवून घेतलेल्या प्रतींवर आद्याक्षरे आहेत, इतर कित्येकांवर काहीच नाही. जोडचकती नसलेले एकसंध शमादान बहुधा उत्तरकाळातले असते, तरी किमतीच्या चिठ्ठीवर नाव तेच येते.