मुंबई–नागपूर विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती?

"नागपूरला विमानाने किती वेळ लागतो?" आमच्या डोंबिवलीच्या कार्यालयात तिकीट काढायला येणारे हा प्रश्न हमखास विचारतात. तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. पण तेवढ्यावर विसंबून लग्नाचा मुहूर्त किंवा खंडपीठातली तारीख गाठायचं ठरवू नका.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर. रेल्वे मात्र मनमाडवरून भुसावळकडे वर चढते आणि अकोला, वर्धा करत नागपूरला पोहोचते, म्हणून सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर होतात.

मग तासाला आठशेच्या आसपास वेगाने उडणाऱ्या विमानाला दीड तास कशाला? कारण तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि समोरच्या विमानतळावर जागेवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. सकाळ-संध्याकाळ विमानं रांगेत उभी राहतात, येताना कधी आकाशात घिरट्या घालतात. विमान कंपन्या ही वाट पाहणं वेळापत्रकातच धरतात. म्हणून थोडं उशिरा सुटलेलं विमानही पुष्कळदा वेळेवर उतरतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा जाताना वेळ वाचतो आणि परतताना थोडा जास्त लागतो.

आता घर ते घर हिशोब करू. डोंबिवलीहून गाडीने विमानतळ गाठायला दीड-दोन तास. सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचा. विमानाचा दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, सोनेगावच्या विमानतळाहून शहराच्या मध्यावर सीताबर्डीला आणखी अर्धा. एकूण सहा-साडेसहा तास धरा.

रस्त्यावरची कोंडी टाळायची असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग मेट्रो ३ ने पुढचंच स्थानक टर्मिनल २. टर्मिनल १ त्याच्यापुढे दोन स्थानकं. मरोळ नाक्याला गाडी बदलताना थोडं चालावं लागतं, तेव्हा जड बॅगा असतील तर हा मार्ग घेऊ नका. आणि टर्मिनल घरीच तपासा. नवी मुंबईचा विमानतळही आता आहे, तो उलव्याला, अगदी वेगळ्या दिशेला. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून निघू नका.

एकटे, हातातल्या बॅगेवर जाणार असाल तर विमानच घ्या. चौघांचं कुटुंब आणि लग्नाचं सामान असेल तर आम्ही कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस सुचवतो: रात्री बसा, सकाळी नागपूर, दिवस मोडत नाही. समृद्धीने स्वतःची गाडी काढलीत तर आठ-नऊ तास, आणि चालवणारे दोघं हवेत.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आणि दसऱ्याला दीक्षाभूमीचा सोहळा, या दिवसांत तिकिटं महाग होतात. तारीख ठरताच सांगा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान घेणार असाल तर ते आधी कुठून येतं ते आम्हाला विचारा. दिल्लीत धुकं असलं की नागपुरात लख्ख ऊन असूनही विमान अडकतं.