विज्ञान केंद्र

प्रेक्षकाने स्वतः हाताळून पाहायच्या प्रयोगवस्तूंचे संग्रहालय. पारंपरिक संग्रहालयात दुर्मिळ वस्तू जपल्या जातात. विज्ञान केंद्रात वस्तूच्या जुनेपणापेक्षा तिच्यातून अनुभवाला येणारे तत्त्व महत्त्वाचे असते.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक बर्लिनच्या ‘उरानिया’ या संस्थेपासून (१८८८) आरंभ मानतात. तेथे कळ दाबून प्रेक्षकांना प्रयोग सुरू करता येत. इतर काही जण १९०३ मध्ये स्थापन झालेल्या म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियमला, तर काही पॅरिसच्या ‘पॅले द ला देकूव्हेर्त’ला (१९३७) अग्रमान देतात. मात्र पॅरिसला प्रयोग मुख्यतः निदर्शक करून दाखवीत. नुसती कळ दाबणे आणि प्रयोगातील एखादी गोष्ट आपल्या मनाप्रमाणे बदलून परिणाम पाहणे, यांत मोठा फरक आहे. तो लक्षात घेतल्यास भौतिकीविज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे उघडलेले ‘एक्सप्लोरेटोरियम’ हेच आजच्या विज्ञान केंद्राचे जवळचे पूर्वज ठरते. त्याआधी, १९६५ च्या सुमारास, त्यांनी युरोपातील संग्रहालये पाहिली होती. तो प्रभाव नाकारता येत नाही. तरी कोलोरॅडो विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी त्यांनी उभारलेला प्रयोगसंग्रह अधिक निर्णायक वाटतो.

विज्ञान उद्यानांत, म्हणजे उघड्यावर मांडलेल्या प्रयोगवस्तूंच्या बागांत, आढळणाऱ्या समोरासमोरच्या दोन अंतर्वक्र तबकड्यांवरून हा फरक स्पष्ट होतो. तबकडीचा आकार अन्वस्तीय (पॅराबोलिक) असतो; समांतर येणारे किरण वा ध्वनी परावर्तित होऊन ज्या बिंदूत एकवटतात, ती तिची नाभी. एकीच्या नाभीपाशी तोंड नेऊन कुजबुजले की परावर्तित ध्वनी जवळजवळ समांतर जातो, दुसरीवर आदळून तिच्या नाभीपाशी एकवटतो आणि तेथे कान लावणाऱ्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात. मधोमध उभ्या असलेल्याला मात्र काहीच कळत नाही. तोंड नाभीपासून वीतभर बाजूला सरकवले की आवाज क्षीण होतो. मुले हे आपणहून करून पाहतात आणि नाभीची जागा त्यांना व्याख्येआधीच सापडते. म्हणूनच शालेय सहलींना ठरावीक वेळेत सर्व दालने फिरवण्यापेक्षा थोड्याच प्रयोगांपाशी रेंगाळू देणे श्रेयस्कर होय.

भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालय (१९५९) या परंपरेच्या आरंभी येते. देशातील अशी केंद्रे चालवणारी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राचा प्रारंभ प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील दालनाने (१९७७) झाला. आंतरराष्ट्रीय बालवर्षात, म्हणजे १९७९ मध्ये, तेथे विज्ञान उद्यान उघडले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले उद्यान असल्याचे सांगितले जाते. भारतापुरते तरी हे मान्य करण्यास हरकत नसावी. पूर्ण केंद्राचे उद्‌घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले.

सततच्या हाताळणीने प्रयोगवस्तू झिजतात व मोडतात. त्यामुळे दुरुस्तीची कर्मशाळा हा केंद्राचा अविभाज्य भाग असतो.

नागपूरचे रमण विज्ञान केंद्र (१९९२), पणजीजवळ मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्र (२००१) आणि पिंपरी-चिंचवड सायन्स पार्क (२०१३) ही महाराष्ट्र-गोवा भागातील इतर प्रमुख केंद्रे होत.