व्यवसायोपचारातील विद्यार्थी-प्रकल्प : संशोधनपद्धतीची निवड

व्यवसायोपचार अर्थात ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासप्रश्नाला साजेशी संशोधनपद्धती ठरवणे. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरीधंदा नव्हे. आंघोळ, स्वयंपाक, खेळ, देवपूजा अशी दिवसभरातली सारी कामे त्यात येतात. भारतात या विषयाचे शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये सुरू झाले.

आधी प्रश्न, मग पद्धत. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते: हाताशी एखादी मापनश्रेणी असते आणि तिला चालतील असे रुग्ण शोधले जातात. त्यात विषयाचा गाभाच निसटतो. सत्तरीतील एखादी गृहिणी पक्षाघातानंतर पुन्हा आदोळीवर (नारळ खवण्याच्या विळीवर) बसून नारळ खवू शकते का, हा प्रश्न घ्या. रुग्ण रोजची कामे स्वतः किती करतो हे मोजणाऱ्या १९६५ च्या बार्थेल निर्देशांकात जेवणे, कपडे घालणे, जिना चढणे अशी १० कामे आहेत, स्वयंपाक नाही. तिला १०० पैकी १०० गुण मिळतील आणि आदोळी तरीही जमणार नाही. १९९१ साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) मुलाखतीत मात्र कामे रुग्णच निवडतो. काम किती जमते आणि त्याचे समाधान किती, याला १ ते १० गुण देतो.

सरावाचा उपयोग झाला का, हे पाहायला एक-रुग्ण रचना, म्हणजे एकाच रुग्णाची त्याच्याशीच तुलना, चांगली. अर्धी कवड (फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग) खवायला लागलेला वेळ आणि मध्ये हात किती वेळा थांबला, हे उपचारापूर्वी काही दिवस टिपायचे. उपचार सुरू झाल्यावर तेच पुन्हा. रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटणाऱ्या यादृच्छिक चाचणीला पुरेसे रुग्ण काही महिन्यांच्या प्रकल्पात क्वचितच मिळतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्या गृहिणीला काय वाटले, हे गुणांत मावत नाही. त्यासाठी गुणात्मक मुलाखत हवी, तीही कोकणी-मराठीत, तिच्याच शब्दांत उतरवलेली.

सर्वेक्षणात हंगाम पाहावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशांच्या हाताच्या दुखापती त्या काळात गोव्यातील मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर मोजल्या, तर आकडा फसवा येईल.

रुग्णांवरील अभ्यास प्रश्नावलीपुरता असला तरी नैतिकता समितीपुढे ठेवावा. उपचार करणारा विद्यार्थीच संमती मागायला गेला, तर रुग्णाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. म्हणून संमती शक्यतो दुसऱ्याने घ्यावी.