‘ड’ तालुक्यातला कारखाना: महाराष्ट्रातील औद्योगिक सवलतींची पार्श्वभूमी

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाने न्यायचे, हे धोरण जवळजवळ महाराष्ट्र राज्याइतकेच जुने आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. जमीन, रस्ते आणि पाणी देणे हे तिचे काम. पण नुसता भूखंड तयार आहे म्हणून कोणी मागास भागात जात नाही. म्हणून १९६४ मध्ये अशा भागात जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आली आणि १९६६ मध्ये उद्योगांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची ‘सिकॉम’ ही संस्था उभी राहिली. पुढे विकसित ते मागास अशा क्रमाने तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडले, आणि गडचिरोलीसारखे ‘विनाउद्योग जिल्हे’ वेगळे काढले गेले. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी आणि मुदत लांब.

खरे आकर्षण विक्रीकराचे होते. माफी घेतली, तर कारखानदार गिऱ्हाइकाकडून कर घेतच नसे. कर लांबणीवर टाकण्याचा पर्याय घेतला, तर तो बिलात कर लावून वसूल करायचा, ती रक्कम काही वर्षे बिनव्याजी वापरायचा आणि मग हप्त्यांनी सरकारला द्यायचा. म्हणजे सरकारने दिलेले खेळते भांडवलच. २००२ मध्ये ही देणी वर्तमान मूल्याने, म्हणजे पुढच्या रकमेची आजची कमी किंमत धरून, मुदतीआधी भरून मोकळे होण्याची सोय झाली.

दुखणे इथेच होते. सवलत विक्रीवर, त्यामुळे ज्याचा माल आधीच खपतो त्याला ती पुरेपूर मिळे. नवख्या उद्योजकाला पहिली दोन-तीन वर्षे, जेव्हा पैसा सर्वांत जास्त लागतो, तेव्हा हाती फारसे काही येत नसे.

वाळूजला जमले, कारण तिथे सवलतीखेरीज बरेच काही होते: औरंगाबाद शहर जवळ, जायकवाडीचे पाणी, पुण्याकडे जाणारा रस्ता. १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बनवणारे लघुउद्योग त्याच्याभोवती जमले. गडचिरोलीला सवलत सर्वांत जास्त, पण जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. जागेसाठी आधी वनखात्याची मंजुरी, आणि रेल्वे फक्त जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या वडसापर्यंत. राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, वीज यांचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची तूट, मोजून दाखवला होता. करमाफीने तो भरून निघणार नव्हता. याच जिल्ह्यातल्या कोनसरीत आज पोलाद उद्योग उभा राहतो आहे, तो मुख्यतः सुरजागडच्या लोहखनिजामुळे.

राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ वाढली, तेव्हा २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करायचे सर्व राज्यांनी ठरवले. त्यामुळे २००१ च्या योजनेत वीजशुल्क, मुद्रांक शुल्क आणि जकात यांवर भर आला. २००७ मध्ये, विक्रीकराच्या जागी आलेला व्हॅट कारखान्याने जितका भरला, त्याच्याशी जोडलेले अनुदान सुरू झाले.

जीएसटीने पुन्हा पेच पडला. हा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. म्हणून २०१९ च्या योजनेत राज्यातच विकलेल्या आणि पोहोचवलेल्या मालावरील राज्य जीएसटीच परताव्यासाठी धरला गेला. गोंदिया किंवा चंद्रपूरच्या कारखान्याची जवळची बाजारपेठ छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणात असते. त्या विक्रीवर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो आणि परतावा शून्य. सीमेवरच्या मागास तालुक्यांना ही अट सर्वांत जास्त जाचते. तिथे परतावा विक्रीऐवजी गुंतवणूक आणि रोजगारावर द्यायला हवा.