गणपतीच्या शाळेतला एअरब्रश आणि 'प्रेशर वाढव'चा गैरसमज
पेणपासून सावंतवाडीपर्यंत गणपतीच्या शाळांमध्ये, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यांत, एअरब्रशने (हवेने रंग फवारणाऱ्या ब्रशने) रंग ओढायचं थांबवलं की हमखास सल्ला मिळतो: "कॉम्प्रेसरचं प्रेशर वाढव." हे चूक आहे. ऐन श्रावणात यापायी रंगवलेल्या मूर्ती पुन्हा पुसाव्या लागतात, म्हणून कळकळीने लिहितोय.

हवा रंगाला मागून ढकलत नाही. नोझलच्या, म्हणजे ब्रशच्या पुढच्या तोटीच्या, तोंडाशी ती वेगाने बाहेर पडते, तिथला दाब कमी होतो आणि रंग पुढे खेचला जातो. वाटच तुंबली असेल तर हवा उलटी ब्रशवरच्या रंगाच्या कपात शिरते. कपात बघा. रंगाला बुडबुडे येताहेत? मग नोझल ढिलं आहे, चिरलंय किंवा आत रंग सुकलाय. गेल्या वर्षी पितांबर रंगवताना मी ब्रशच्या आतली सुई काढली, तर टोकाला खसखशीएवढा पिवळा कण चिकटलेला. 0.3 मिमीच्या भोकाला तेवढा पुरतो! सुई मागून सरळ, अलगद काढा, पुसा, नोझल धुऊन हलक्या हाताने आवळा. नोझलमध्ये तार मात्र कधीही घालू नका, भोक कायमचं बिघडतं.

खाली बाटली लावायचा ब्रश असेल तर आधी झाकणाचं बारीक छिद्र मोकळं आहे का पाहा. रंग दुधासारखा पातळ हवा. मग साधारण 20 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं.

आणि आपल्या दमट हवेने रंग घट्ट होतो असं कुणी म्हणालं, तर तेही खरं नाही; पाण्यात कालवलेला रंग दमट हवेत उलट उशिरा सुकतो. दमटपणाचा त्रास वेगळा: नळीत पाणी साचून मूर्तीवर थेंब उडतात. त्यासाठी कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा.